फोनवरची ऑर्डर, अडकलेली प्रमाणपत्रं आणि पुढची वाट: खासगी रुग्णालयातल्या नव्या सिस्टरला सविस्तर उत्तर

जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालीस, पुण्यात साधारण १०० खाटांच्या खासगी रुग्णालयात ८ महिने झाले, पगार १६ हजार. रात्री २२ पेशंटवर तू एकटी. डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात आणि सकाळी काही बिनसलं की ‘मी असं सांगितलंच नव्हतं’ म्हणतात. मूळ प्रमाणपत्रं एचआरने ठेवून घेतलीत. आणि शेवटी विचारतेस की नोकरी सोडून सरकारी परीक्षेचा अभ्यास करू की जर्मन शिकू.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आत्ता, रागाच्या भरात, हातात दुसरं काही नसताना सोडू नकोस. पण याच ठिकाणी दोन वर्षं मान खाली घालून काढ, असंही मी म्हणणार नाही. आधी तुझे कागद तुझ्या ताब्यात घे आणि ड्युटीवरचं तुझं लिखाण पक्कं कर. या दोन गोष्टी झाल्या की सोडायचं की थांबायचं हे तू ठरवशील. आज ते तुझ्या वतीने एचआर ठरवतंय. मी सध्या सरकारी रुग्णालयात परिसेविका (वॉर्डची इनचार्ज सिस्टर) आहे, त्याआधी बरीच वर्षं खासगीत होते. त्यामुळे खाली जे लिहिते ते दोन्हीकडची हवा बघून.

फोनवरच्या ऑर्डरपासून सुरू करू, कारण तुझी झोप त्यानेच उडालेली दिसते.

फोनवर ऑर्डर घेणं टळत नाही. रात्री दीड वाजता कन्सल्टंट घरी असतात, आरएमओ (निवासी डॉक्टर) कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, अडकलेले असतात आणि इकडे पेशंटला ताप १०३. तेव्हा ‘सर, लेखी द्या’ म्हणून चालत नाही. पण फोन कानाला असतानाच लिहायचं. तळहातावर नाही, ग्लोव्हजच्या रिकाम्या खोक्यावर नाही, ऑर्डर शीटवरच. औषधाचं नाव, डोस, कुठल्या मार्गाने, किती वेळा, कधीपासून. लिहून झालं की वाचून दाखवायचं: ‘सर, वाचून दाखवते. बेड १४, पाटील आजोबा. इंजेक्शन पॅरासिटामॉल १ ग्रॅम आयव्ही, आत्ता एकदाच, १५ मिनिटांत. बरोबर?’ आकडा इंग्रजीत आला तर फोड करून विचार, ‘वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो?’ फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, मागे मॉनिटर किंचाळत असला तर आणखीच. डॉक्टर हो म्हणाले की खाली ‘टेलिफोनिक ऑर्डर’, डॉक्टरांचं नाव, वेळ, ‘वाचून दाखवली’ आणि तुझी सही. शेजारच्या वॉर्डची सिस्टर मोकळी असेल तर फोन स्पीकरवर टाकून तिलाही ऐकव आणि तिची सही घे.

सकाळी राउंडला डॉक्टर आले की फाईल उघडून, पेन पुढे करून सही मागायची. ‘सर, रात्रीची ऑर्डर, सही राहिलीये.’ आवाजात तक्रार नको, अजिजी पण नको. ही सही साधारण २४ तासांच्या आत व्हावी असा नियम मान्यताप्राप्त रुग्णालयांच्या धोरणात असतोच. तुझ्या रुग्णालयाला एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता) हवं असेल किंवा मिळालेलं असेल तर क्वालिटीच्या मॅडमकडे ते धोरण छापील स्वरूपात मिळेल. ते एकदा वाच. बहुतेक सिस्टर्स आपल्याच रुग्णालयाचं धोरण ऑडिटच्या आदल्या रात्री वाचतात.

काही ऑर्डर मात्र फोनवर घ्यायच्याच नाहीत. पोटॅशियम क्लोराइड, हेपरिन, इन्सुलिनचं इन्फ्यूजन, मॉर्फिन-फेंटानिलसारखी औषधं. इथे ‘सर, आरएमओ सरांना वर बोलावते, त्यांच्या हाताने लिहून घेते’ एवढं शांतपणे म्हणायचं. पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल डायल्यूट न करता शिरेत सरळ गेली तर हृदय थांबतं, हे तू पहिल्या वर्षी शिकली आहेस. तरी ती अँप्यूल वॉर्डच्या ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी पडलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. तुझ्या वॉर्डात तशी असेल तर आजच वेगळ्या डब्यात, लाल चिठ्ठी लावून ठेव. परवानगी मागत बसू नकोस, इनचार्जना सांगून करून टाक.

आणि व्हॉट्सॲप. आजकाल डॉक्टर ऑर्डर व्हॉट्सॲपवर टाकतात आणि सिस्टरला वाटतं, चला, लेखी मिळालं. केसपेपरवर उतरवल्याशिवाय ती ऑर्डर नव्हे. उतरव, वेळ टाक, सही घे, आणि मेसेज मात्र पुसू नकोस.

आता नर्सिंग नोट्स. तू लिहिलंस की मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजीत लिहायला भीती वाटते, म्हणून दुसऱ्या सिस्टरच्या नोट्स बघून उतरवतेस. ही सवय आधी मोड, ती फोनवरच्या ऑर्डरपेक्षा धोकादायक आहे. चांगल्या नोटला इंग्रजी फार लागत नाही. वेळ, आकडा आणि कृती लागते. समजा रात्री पेशंट बिघडला. तुझ्या नोटमध्ये एवढंच हवं: २.१० ला पेशंट अस्वस्थ, श्वास २८, नाडी ११८, बीपी ९०/६०, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९०. २.१३ ला आरएमओ डॉक्टर अमुक यांना फोनवर कळवलं. २.१५ ला त्यांच्या सांगण्यावरून मास्कने ऑक्सिजन ६ लिटर. २.३० ला सॅच्युरेशन ९४, श्वास २६, पुन्हा फोन. २.४० ला आरएमओ येऊन तपासलं. प्रत्येक ओळ चार-पाच साध्या शब्दांत बसते.

बघ, यात ‘डॉक्टर उशिरा आले’ कुठेच लिहिलेलं नाही. लिहायचंही नाही. वेळा लिहिल्यात, वाचणाऱ्याला दिसतं. केसपेपरवर कुणावर राग काढायचा नाही, कुणाची बाजूही घ्यायची नाही. उद्या ती फाईल ग्राहक आयोगात किंवा पोलिसांसमोर गेली तर तुझ्या वतीने तिथे तेवढाच कागद असतो. चुकलं तर व्हाइटनर नको, खाडाखोड नको. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला वेळ आणि आद्याक्षरं. आणि सकाळी ६ च्या टीपीआरच्या (ताप, नाडी, श्वास) नोंदी पहाटे ४ लाच भरून ठेवायची प्रथा तुझ्याकडेही असणार, सगळीकडे आहे. त्यात पडू नकोस. ५ वाजता गेलेल्या पेशंटची ६ वाजताची नाडी ७८ लिहिलेली असेल, तर त्यापुढे तू केलेल्या सगळ्या खऱ्या नोंदीही कुणी खऱ्या मानणार नाही.

टीपीआरवरून आठवलं. कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघड, श्वासाच्या रकान्यात २०, २०, २२, २० दिसेल. तापात २०, वेदनेत २०. कारण श्वास कुणी मोजतच नाही. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा बऱ्याचदा बीपीच्या आधी श्वास वाढतो, काही वेळा कित्येक तास आधी. तू मोजत जा, पूर्ण १ मिनिट. ‘श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून नाडी धरल्यासारखा हात मनगटावरच ठेवायचा आणि नजर छातीवर. २४-२५ च्या वर सतत दिसला की तो पेशंट तुझ्या यादीत वर.

डॉक्टर अंगावर ओरडतात, फोन आपटतात, असंही लिहिलं आहेस. काही डॉक्टर ओरडणारच, त्याला तुझ्याकडे औषध नाही. पण बऱ्याच वेळा फोन कसा केला जातो हेही बघ. ‘सर, बेड ९ चा पेशंट कसंतरी करतोय, जरा बघायला येता का’ या वाक्यावर रात्री अडीचला उठलेला माणूस काय करणार? त्याऐवजी: ‘सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड ९, काल हर्नियाचं ऑपरेशन झालेले, वय ६२. अर्ध्या तासात श्वास १८ वरून २८, बीपी ९०/६०, युरीन रात्रीपासून फक्त ८० एमएल, ड्रेसिंग कोरडं आहे. मला शॉकमध्ये जाताहेत असं वाटतंय. तुम्ही १० मिनिटांत येऊन बघावं, तोवर काय सुरू करू?’ फोन करायच्या आधी केसपेपर हातात, ताजं बीपी घेतलेलं, ॲलर्जी माहीत. त्या फोनमधली शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची: तुला काय वाटतं आणि तुला काय हवंय ते सांग. आपल्याकडे सिस्टरने निदान सुचवणं म्हणजे आगाऊपणा असा समज मुरलेला आहे. सुचवच. चार वेळा तुझं बरोबर निघालं की तेच डॉक्टर पाचव्या वेळी विचारतील, ‘सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?’ आरएमओ आलेच नाहीत तर पुन्हा फोन, मग कन्सल्टंटना, मग नाइट सुपरवायझरना, आणि प्रत्येक फोनची वेळ नोटमध्ये.

२२ पेशंट आणि एकटी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात ३ खाटांमागे १ परिचारिका आणि साध्या रुग्णालयात ५ खाटांमागे १ असा आहे. तो आपल्याकडे सरकारीतही पाळला जात नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा तो निकष भिंतीवर लावून रात्र निघणार नाही. निघते ती ओव्हर (आधीच्या ड्युटीच्या सिस्टरकडून पेशंटचा ताबा) नीट घेतल्याने. नर्सिंग स्टेशनवर बसून रजिस्टरवरून ओव्हर घेऊ नकोस. देणाऱ्या सिस्टरला घेऊन बेडपाशी जा. तिला घरी जायची घाई असते, ती चिडेल, चिडू दे. प्रत्येक बेडला सलाईन कुठलं चाललंय आणि किती उरलंय, इंट्राकॅथची (शिरेतल्या सलाईनच्या नळीची) जागा लाल-सुजलेली आहे का, कॅथेटरची पिशवी, ड्रेन, ड्रेसिंग, हाताचा पट्टा. आणि जाताना तिला एकच प्रश्न विचार: ‘आज रात्री यातलं कोण बिघडू शकतं?’ ती तीन नावं सांगेल. रजिस्टरमध्ये ती नसतात, तिच्या डोक्यात असतात. त्या तिघांपासून राउंड सुरू कर, बेड १ पासून नाही.

त्याच रात्री दोघं एकदम बिघडले आणि तू एकटी पडलीस, तर सुपरवायझरना फोन करून मदत माग आणि ‘मदत मागितली, अमुक वेळी’ हे सुपरवायझर रिपोर्टमध्ये लिही. तशा तीन-चार नोंदी झाल्या की मेट्रन मॅडमना एक साधं पत्र: या या तारखांना इतके पेशंट, इतके गंभीर, मी एकटी, दुसरी सिस्टर किंवा निदान एक एएनएम (सहायक परिचारिका) द्यावी. सही, तारीख, एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे. सिस्टर लगेच मिळेल असं नाही. पण पुढे काही झालं तर तू आधी सांगितलं होतंस हे कागदावर असतं. असं पत्र जाऊ लागलं की मॅनेजमेंट ड्युटी लिस्ट जरा जपून लावायला लागते, हेही मी पाहिलं आहे.

इन्सुलिनबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, तरी सांगते, कारण रात्रीच्या घाईत यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या ४० युनिट प्रति एमएलच्या व्हायल मिळतात आणि १०० युनिटच्याही. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. १०० च्या व्हायलमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरलंस तर पेशंटला २५ युनिट गेले. अडीचपट. पहाटे तो घामाघूम होऊन बेशुद्ध सापडेल आणि तुला कळणारही नाही की कशामुळे. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून व्हायल आणली असेल तेव्हा तर हमखास बघ. व्हायलवरचा आकडा आणि टोपीचा रंग, दोन्ही एकत्र बघूनच सुई टोचायची. पेनमधलं इन्सुलिन सिरिंजने ओढून घ्यायचा जुगाड कुणी शिकवला तर शिकू नकोस, ते निदान १०० चं असतं.

सुई टोचली तर. नव्या मुली घाबरून लपवतात, कारण ‘तुझीच चूक’ ऐकावं लागतं. लपवू नकोस. जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने वाहत्या नळाखाली धुवायची. लगेच आरएमओ आणि इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरना सांगून इन्सिडेंट फॉर्म भरायचा. पेशंटची आणि तुझी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी. गरज असेल तर एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि कोर्स २८ दिवसांचा. रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयात एआरटी सेंटर (एचआयव्ही उपचार केंद्र) गाठ, तिथे त्या मोफत मिळतात. हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीनदा घेतली आहेस का? घेतली असशील तर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लसीने रक्तात आलेल्या संरक्षणाची पातळी) तपासायचा असतो, तो १० च्या वर हवा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या सिस्टर्सनी लस घेतली, टायटर कुणी बघितलाच नाही. आणि वापरलेल्या सुईला टोपी परत लावायची नाही. हब कटर (सुई कापायचं उपकरण) किंवा सुयांचा पांढरा डबा ट्रेबरोबर बेडपर्यंत न्यायचा, म्हणजे सुई हातात धरून वॉर्डभर चालावं लागत नाही.

माणसांचं थोडक्यात. मामा-मावशींशी (वॉर्डबॉय आणि आयांशी) पहिल्या दिवसापासून नीट वाग. रात्री अडीचला पेशंट वळवायला, स्ट्रेचर ढकलायला, ब्लड बँकेत धावायला तेच असतात. त्यांचा चहा तुझ्याआधी झाला तरी चालेल. ड्युटीवर युनिफॉर्ममध्ये रील करू नकोस, मागे पेशंटचा चेहरा किंवा नावाची पाटी आली तर तुझी नोकरी जाईलच, पण आधी त्या माणसाचं काहीतरी जातं. मृत्यूची बातमी नातेवाइकांना तू सांगायची नाही, डॉक्टरांनी सांगायची; त्यांनी ‘तुम्हीच सांगा’ म्हटलं तरी. जमाव चढून आलाच तर स्टेशन सोडून सुरक्षित खोलीत जा, फाईल आत ने. महाराष्ट्रात २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा डॉक्टरांइतकाच परिचारिकांनाही लागू आहे. तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. रुग्णालयाने ‘जाऊ दे’ म्हटलं तरी तक्रार तुला करता येते. आणि लैंगिक त्रास आतल्याच माणसाकडून असेल, मग तो डॉक्टर असो, ब्रदर (पुरुष नर्स) असो की ॲडमिनचा, तर १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी करायची. समितीतल्या लोकांची नावं नोटीस बोर्डावर लागलेली असायला पाहिजेत. जाता येता बघून ठेव.

तब्येतीचं एकच सांगते, बाकी तू वाचलेलं आहेसच: लघवी दाबू नकोस. बारा तासांच्या नाइटमध्ये पाणी न पिणाऱ्या आणि बाथरूमला न जाणाऱ्या सिस्टर्स पुढे युरीन इन्फेक्शनने वर्षानुवर्षं बेजार होतात. पेशंटचा आयओ चार्ट (किती पाणी गेलं, किती लघवी झाली) आपण इतका मनापासून भरतो.

आता पगार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी शिफारस केली होती: २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी पगाराइतकाच, १०० च्या वर असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आतल्या छोट्या रुग्णालयातही २० हजारांच्या खाली नको. शिफारस आहे, आणि ती प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी उतरली. ती दाखवून तुझा पगार वाढेल अशी आशा मी लावत नाही. पण पुढच्या मुलाखतीला १८ हजार ऐकून ‘खूप झाले’ म्हणू नकोस, यासाठी सांगितलं. तोपर्यंत सॅलरी स्लिप दर महिन्याला डाउनलोड कर, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) स्वतःच्या मोबाइलवर चालू करून पैसे खरंच जमा होताहेत का बघ. तुझा पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असायला हवं. पगारातून त्याचे पैसे कापले जातात आणि कार्ड मात्र हातात नाही, असं सर्रास चालतं.

पुढची वाट. एम्सची नॉर्सेट ही परिचारिका भरतीची परीक्षा जीएनएमवाल्यांना देता येते, पण किमान ५० खाटांच्या रुग्णालयात २ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून तर म्हटलं, रागाने सोडू नकोस. तुझे हे ८ महिने त्यात धरले जातील, जर अनुभवपत्रात नुसतं कौतुक न लिहिता रुग्णालयाच्या खाटांची संख्या, तुझं पद आणि नेमक्या तारखा लिहिल्या असतील तर. तिथे मूळ वेतन ४४,९०० पासून. महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य विभागाची अधिपरिचारिकेची भरती निघते, मूळ वेतन ३५,४०० पासून. महापालिका आणि रेल्वे वेगळ्या. राज्याच्या भरतीचा भरवसा नसतो, कधी वर्षानुवर्षं जाहिरात येत नाही, आली की एकदम हजारोंनी. त्यामुळे नोकरी सोडून लॉजवर राहून नुसता अभ्यास, हा मार्ग मला पटत नाही. नोकरी करत रोज दोन तास, आणि अभ्यास वॉर्डातल्या केसवरून. आज डीकेएचा (मधुमेहातल्या गंभीर गुंतागुंतीचा) पेशंट आला तर रात्री डीकेएच वाचायचं. असा अभ्यास विसरत नाही.

तेवढ्यात वॉर्ड बदलून माग. जनरल वॉर्डात ८ महिने झाले, आता आयसीयू किंवा कॅज्युअल्टी. मिळेपर्यंत दर महिन्याला इनचार्जना आठवण कर. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, इन्फ्यूजन पंप हाताळलेली सिस्टर सरकारीत, परदेशात, दुसऱ्या खासगीत सगळीकडे लागते. बीएलएस-एसीएलएस हे जीव वाचवण्याच्या तातडीच्या उपचारांचे कोर्स कर, पण स्वतःच्या पैशांनी करायच्या आधी रुग्णालय करून देतं का विचार. अनेक ठिकाणी देतात. इथे आयसीयू देतच नसतील तर हे रुग्णालय सोडायला ते मला पुरेसं कारण वाटतं, पगारापेक्षाही.

जर्मनीसाठी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केल्यापासून प्रत्येक तालुक्याच्या गावात ‘जर्मनी नर्स’चे बोर्ड लागलेत. वाट खरी आहे, पण भाषेची आहे: जर्मनची बी१ पातळी, आणि नोंदणीसाठी बहुतेक ठिकाणी बी२. रोज ड्युटी करून बी२ ला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. तिथे पोचल्यावरही तुझ्या पदविकेची मान्यता पूर्ण होईपर्यंत सहायक म्हणून काम करावं लागतं. अंघोळ घालणं, भरवणं, वळवणं हे तिथे परिचारिकेचंच काम असतं, मावशी नसतात. हे ऐकून मन मागे गेलं तर आत्ताच गेलेलं बरं. ब्रिटनला इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत ७ किंवा ओईटी ही परीक्षा लागते आणि तिथली बाहेरून होणारी भरती सध्या बरीच आटली आहे. आखातात प्रोमेट्रिकची परवाना परीक्षा आणि डेटाफ्लोची कागदपत्रांची पडताळणी, भाषा नाही, पण दोन वर्षांचा अनुभव जवळपास सगळेच मागतात. एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघ. कायद्याने त्याला सेवाशुल्क ३० हजार आणि जीएसटी एवढंच घेता येतं. तीन लाख मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पड.

कागदांत एक गोष्ट मुलींना कुणी सांगत नाही, ती नावाची. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव-आडनाव, जीएनएमच्या निकालावर तेच, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीतही तेच. मग लग्न होतं, सासरच्या हौसेने आधार आणि पासपोर्ट बदलतात, आणि डेटाफ्लोला तीन वेगवेगळ्या मुली दिसतात. महिने वाया जातात. लग्न ठरलं तर नाव बदलायची घाई करू नकोस. बदलायचंच असेल तर राजपत्रापासून परिषदेच्या नोंदीपर्यंत सगळीकडे एकदम बदल. परिषदेची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्याला सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या प्रशिक्षणाचे) क्रेडिट लागतात, ते शेवटच्या महिन्यात गोळा होत नाहीत. प्रत्येक वर्कशॉपचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मोबाइलवर स्कॅन.

सोडायचं कधी? खोटी नोंद करायला सांगितली, पेशंटला न दिलेलं औषध दिल्याचं लिहायला लावलं, तुला न येणारी प्रोसिजर एकटीला करायला भाग पाडलं किंवा लेखी मागूनही कन्सल्टंट ऑर्डरवर सह्या करत नाहीत, तर दोन वर्षांची वाट बघू नकोस. दुसरी नोकरी शोध आणि रीतसर नोटीस देऊन नीघ.

त्याआधी ती मूळ प्रमाणपत्रं. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे असतात, ठेवायचे नसतात. फाईलला साक्षांकित प्रती पुरतात. भांडण करू नकोस, ‘परिषदेच्या नोंदणीच्या कामासाठी आणि परीक्षेच्या अर्जासाठी’ हे कारण दे, ते खरंच आहे. अर्जात प्रत्येक कागदाचं नाव आणि क्रमांक वेगवेगळा लिही: दहावी, बारावी, जीएनएमची तिन्ही वर्षांची गुणपत्रकं, डिप्लोमा, परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र. ज्या तारखेला तू ते दिलेस ती तारीख टाक, आणि ७ दिवसांत परत मिळावेत असं लिही. अर्ज दोन प्रतींत, एकीवर एचआरचा इनवर्ड शिक्का आणि तारीख. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तोच अर्ज मेडिकल डायरेक्टरना ईमेल कर आणि स्पीड पोस्टाने पाठव. नियुक्तिपत्रावर बाँडचं कलम असेल तर त्याचा फोटो आजच काढून घरी आई-बाबांना पाठवून ठेव. बाँडची रक्कम कितीही लिहिलेली असली तरी तुझी मार्कशीट तारण ठेवायचा अधिकार त्याने कुणाला मिळत नाही. दोन आठवड्यांत परत आले नाहीत, तर नर्सेस संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्याच अर्जाची प्रत घेऊन जा.